एक लिटर, सारसोळे

ओहोटी सहा चाळीसला.
पाम बीच रोड ओलांडून, कांदळवनातल्या वाटेनं
मी जेट्टीवर पोचते तेव्हा
हसुराम होडीत साचलेलं पाणी
रंगाच्या डब्यानं उपसत असतो.
माझ्या बर्फपेटीवर अजून
कुठल्याशा कुल्फीवाल्याचं नाव आहे.
संस्थेनं पेटीचे पैसे दिले,
नाव खरवडायचे दिले नाहीत.

तो जाळं सोडतो, मी बाटली बुडवते.
त्याला हसू येतं.
"एवढूशा पान्यान काय गावंल?"
मासा लागत नाही, काका.
मासा ज्या वाटेनं गेला तिथं
अंगाची बुळबुळ, खवल्याची कड, घाण
एवढं सुटलेलं पुरे.
पाणी ते दोन दिवस धरून ठेवतं,
फार तर तीन. मग विसरतं.
"बरा हाय त्याचा," तो म्हणतो.

हातपंप. पांढरी चकती,
पाणीपुरीच्या पुरीएवढी.
खाडी एवढी गढूळ
की पाव लिटरलाच चकती तुंबते.
मग दुसरी. मग तिसरी.
पंप दाबून दाबून मनगट भरून येतं
आणि मागं उरतो फक्त
भिजल्या पोत्याचा रंग.
तो चिमट्यानं उचलायचा, घडी घालायची,
बर्फात ठेवायचा, वर तारीख.

सव्वीस दिवसांनी यादी आली.
बोईट. काळुंदर. निवटी, हजारांनी.
रोहित पक्षी, किंचित.
आणि कोंबडी,
कोंबडी, बकरा, पुन्हा कोंबडी,
आणि बर्फात झोपून आंध्रातून आलेला रोहू,
नेरुळच्या मोऱ्यांतून, खरकट्या ताटांवरून
नाल्यानं इथवर उतरलेला.
या पाण्यात तो एकदाही पोहला नाही
आणि यादीत निवटीच्या वर बसलाय.
कोण राहतं आणि कोण शिजतं
हे खाडीला वेगळं करता येत नाही.
ते आम्ही करायचं, पेन्सिलीनं.

रिकाम्या बाटलीतही निघालं.
शुद्ध पाण्याची बाटली, नुसती सोबत नेलेली,
काही सापडू नये म्हणूनच नेलेली.
तिच्यात मांजर.
माझी भुरी, जी माझ्या ॲप्रनवर झोपते.
मॅडमनी लाल शेरा मारला. बरोबरच मारला.

जिताडा तिसऱ्या चकतीत, अकरा वेळा.
पहिल्या दोन्हींत शून्य.
नियम असा की तिनांतल्या दोनांत हवा.
म्हणजे जिताडा नाही.

हे सांगायला मी मुद्दाम गेले,
कारण दर खेपेला तो तेवढंच विचारायचा.
हसुरामनं जाळ्याची गाठ दातात धरली होती,
ती सोडून म्हणाला,
"तू आलीस ना, त्याचे आदले दिशी
मेव्हना जिताडा घेऊन आल्ता, उरनच्या तल्यातला.
बायकोनं हितंच कापला, ये पायरीवं."
मग थोड्या वेळानं,
"नायतर आसंलबी खाडीन. तुला काय म्हाईत?"

मला माहीत नाही.

"न् मानूस? मानूस गावतो का यान?"
गावतो. सगळ्यांत जास्त तोच.
पण त्या ओळी आम्ही आधीच पुसून टाकतो.
"सगल्या?"
सगळ्या.
"मंग आमी खाडीन नाय," तो म्हणाला,
रागानं नाही,
भाव विचारून पुढं जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसं,
आणि गाठ परत दातात धरली.

मी पायरीवर हात धुतले.
मग आठवलं, इथं धुवायचे नसतात.

पुढची खेप शुक्रवारी, ओहोटी आठ पाचला.
जिताड्यासमोरच्या रकान्यात
'नाही' लिहिलंय, ते तसंच आहे.
पेन्सिलीनं आहे.